वर्षालीनं मागून घेतलेलं मिलवॉकी

पिंपळे गुरवात यशवंतरावांच्या दारात गाड्यांना तोटा नाही. शेत होतं तिथं इमारती उभ्या राहिल्या आणि गोठा होता तिथं पार्किंग झालं. कोपऱ्यावरच्या टपरीवरून तंबाखू आणायची तरी यशवंतराव गाडी काढतात. अशा घरातली लेक वर्षाली पायी का फिरते, याचं शेजारपाजाऱ्यांना बरीच वर्षं कोडं होतं. "तिला चालायचं याड हाय," असं तिची आई सुभद्राबाई सगळ्यांना सांगायच्या. नोकरीला लागल्यावर वर्षाली कंपनीच्या बसपर्यंत चालत जायची, तेव्हा तिच्या मागून थोडं अंतर राखून सुभद्राबाई हातात पिशवी घेऊन चालायच्या. जणू भाजीला निघाल्यात. बस सुटली की त्या रिकामी पिशवी घेऊन परत यायच्या.

खरी गोष्ट घरातल्या चौघांना माहीत होती. वर्षाली आठवीत असताना दिवाळीचं तळण चाललं होतं. चकलीचं पीठ हातात घेतलेली पोर बोलता बोलता जमिनीवर कोसळली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. उकळत्या तेलाची कढई तिच्यापासून हातभर अंतरावर होती. डॉक्टरांनी आकडीचं निदान केलं. गोळ्यांनी आकडी आटोक्यात आली, पण मुळातून गेली नाही. वर्षातून एखाद्या वेळी ती यायचीच, आणि येण्याआधी काही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "शिक, नोकरी कर, लग्न कर. फक्त गाडी चालवायची नाही आणि एकटीनं पोहायला जायचं नाही."

घरात मात्र याचा अर्थ वेगळा निघाला. आकडी आली की सुभद्राबाई आधी खिडक्या लावायच्या, मग दार, मग लेकीजवळ बसायच्या. "कुनाला कळता कामा न्हाई. तिचं लगीन व्हायचं हाय." क्लासला सोडायला भाऊ जयदीप, मैत्रिणीकडे जायचं तर जयदीप, सिनेमाला जायचं तर मागच्या रांगेत जयदीप. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन, चाकणच्या कंपनीत मशीनच्या कंट्रोल पॅनेलचे प्रोग्राम लिहायला लागली तोवर वर्षालीनं एकटीनं जवळचा नाशिक फाट्याचा चौकसुद्धा ओलांडला नव्हता.

कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत. तिथं दोन वर्षांसाठी इथली मुलंमुली पाठवायची पद्धत होती. वर्षालीचं काम चोख असायचं, त्यामुळे एक दिवस तिचे साहेब, रोहिदास सर, तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "डेट्रॉइटला जागा निघायली. तुझं नाव देऊ का?"

रोहिदास सर बीडकडचे. चाकणला हयात गेली, तरी बोली सुटली नव्हती.

वर्षालीनं एक दिवस मागून घेतला. तिथं राहून आलेल्यांना तिनं कँटीनमध्ये विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. गाडीशिवाय तिथं दूधही आणता येत नाही. ऑफिस डेट्रॉइट शहरात नाहीच, लांबच्या उपनगरात हमरस्त्याला लागून आहे. घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे आणि मधे नुसते रुंद रस्ते. जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर नकाशा उघडून त्या रस्त्यांची चित्रं पाहिली. हिरवंगार गवत होतं, चकाचक डांबर होतं. पण चालणाऱ्यानं पाय कुठे ठेवायचा? फूटपाथ सुरू व्हायचा आणि एखाद्या पार्किंगच्या कडेला संपून जायचा. तिथं आपण गेलो तर कुणाच्या तरी गाडीत बसून राहण्यातच दोन वर्षं जातील, हे तिच्या लक्षात आलं. म्हणजे जयदीपच्या जागी दुसरं कुणीतरी.

ती सरांकडे गेली. "सर, अमेरिकेत आपलं आणखी कुठं ऑफिस आहे का?"

"मिलवॉकीला हाय एक. जुनं, लहान. तिथं कुणी जायला मागत नाही बघ. निम्मं वरीस बर्फ, अन् गाव सांगितलं तर नातेवाइकाला ठाव नसतंय. पोरायला कॅलिफोर्निया पाहिजे, टेक्सास पाहिजे."

वर्षालीनं जागेवर येऊन मिलवॉकी शोधलं. मोठ्या तळ्याच्या काठावर वसलेलं शहर. इथंही रस्त्यांची चित्रं होती. फिकट पिवळ्या विटांच्या जुन्या इमारती, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, दोन्ही बाजूंना झाडं आणि झाडांच्या सावलीत सलग फूटपाथ. ब्रेडी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर बेकरी, औषधाचं दुकान, किराणा, केस कापायचं दुकान असं सगळं एकाला एक लागून होतं. ऑफिस नदीपलीकडे एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत. तिनं पडद्यावरचा बाण एकेक पाऊल पुढं सरकवत ब्रेडी स्ट्रीटपासून ऑफिसापर्यंतचा रस्ता चालून पाहिला. मधे पूल लागला, बाग लागली. फूटपाथ कुठंच तुटला नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला.

"सर, मला मिलवॉकी द्या."

"येडी का काय? कशाला?"

"मला गाडी चालवता येत नाही."

"शिकून घ्यायची की. त्यात काय एवढं?"

वर्षालीनं आजूबाजूला पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेरच्या माणसाला खरं सांगितलं. "सर, मला आकडी येते."

रोहिदास सर खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "माझ्या धाकट्या काकाला हाय. गावाकडं त्याला विहिरीवर जाऊ देत नाहीत, बाजाराला जाऊ देत नाहीत. साठी आली त्याची, ओसरीवर बसून. शिकायची लई हौस होती त्याला." मग त्यांनी नावांची यादी पुढं ओढली. "मिलवॉकीचं बघतो मी. तू घरच्यांचं बघ."

घरच्यांचं बघणं अवघड होतं. यशवंतराव बैठकीत बसून नुसते मान हलवत राहिले. "न्हाई म्हंजे न्हाई. परमुलखात पडलीस तर उचलनार कोन?"

"इथं कोण उचलतं आबा? आपण दार लावून घेतो."

"म्हंजे आमी वंगाळ केलं व्हय?" सुभद्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तसं नाही ग आई. पण मला एकदा एकटीनं रस्त्यावर चालून बघायचंय."

अनेक दिवस घरात कुणी धड बोललं नाही. अखेर कोंडी फोडली ती जयदीपनं. त्याचं लग्न ठरलं होतं. जेवताना तो म्हणाला, "आबा, जाऊ द्या तिला. मी आजवर तिच्या मागं फिरलो, त्याचं मला काही नाही. पण तिला काय वाटत असेल? मला कुणी असं मागं मागं फिरून सांभाळलं असतं तर मी घरातून पळून गेलो असतो." यशवंतरावांनी पोराकडे पाहिलं, ताटातला घास तसाच ठेवला आणि हात धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नियमित घेणार असेल तर पुण्यात काय आणि अमेरिकेत काय. मग यशवंतरावांनी अट घातली, सकाळ-संध्याकाळ फोन.

वर्षाली मिलवॉकीला पोचली तेव्हा पानझडीचे दिवस सुरू होत होते. ब्रेडी स्ट्रीटवर एका दुकानाच्या वरची खोली तिनं घेतली. पहिल्या रविवारी ती जिना उतरून फूटपाथवर आली आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. मागे पिशवी घेतलेली आई नव्हती, मोटारसायकलवर जयदीप नव्हता. तिला रडू आलं आणि हसूही आलं. ती चालत सुटली. रस्ता संपला तिथं तळं लागलं. तळं कसलं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, समुद्रासारख्या लाटा फुटत होत्या. लोक निवांत चालत होते, म्हातारे होते, बाबागाड्या होत्या, कुत्री होती. कुणी तिला "कुठं निघालीस?" असं विचारलं नाही. दुपारपर्यंत फिरून ती घरी आली आणि आपण पाय दुखेपर्यंत चाललो याचाच तिला आनंद झाला.

पुढं रोजचा रस्ता ठरून गेला. चांगल्या हवेत ऑफिसला पायी. नदीवरचा पूल बोट आली की घंटा वाजवून वर उचलला जायचा. तेवढ्या वेळात दोन्ही काठांवर माणसं ताटकळायची आणि आपसूक गप्पा व्हायच्या. हवा बिघडली तर काही गल्ल्या पुढं ट्राम मिळायची. वाचनालय, दवाखाना, शनिवारचा भाजीबाजार, सगळं पायांच्या आवाक्यात. एकेकाळी हे गाव मशीनींचं होतं, गिरणी-कारखान्यांचं. कामगारांना कामावर चालत जाता यावं म्हणून घरं जवळ जवळ बांधलेली, आणि ती अजून तशीच उभी. पिंपरी-चिंचवडच्या पोरीला त्या गावाची ओळख पटायला वेळ लागला नाही.

तिथल्या लोकांनाच मात्र आपल्या शहराचं कौतुक नव्हतं. ऑफिसातले विचारायचे, "शिकागो इतकं जवळ असताना तू इथं कशाला आलीस?" ती म्हणायची, "ऑफिस आणि पाव, दोन्ही पायी मिळतात म्हणून." त्यांना ती थट्टा वाटायची.

पाव मिळायचा रोझमेरीच्या बेकरीत. रोझमेरी सत्तरीची, ठेंगणी, मोठ्या आवाजाची बाई. तिचे आजोबा इटलीहून आले आणि त्यांनी इथं भट्टी पेटवली. पहिला बर्फ पडला त्या सकाळी रोझमेरी दुकानापुढचा फूटपाथ फावड्यानं साफ करत होती. तिथं ज्यानं त्यानं आपल्या दारापुढचा बर्फ काढायचा असतो, चालणाऱ्याचा पाय घसरू नये म्हणून. वर्षालीला अंगण झाडणारी आई आठवली. तिनं रोझमेरीच्या हातातलं फावडं घेतलं. बर्फ कसा उचलायचा ते तिला ठाऊक नव्हतं, निम्मा बर्फ परत फूटपाथवरच पडला. रोझमेरी पोट धरून हसली. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली.

नाताळच्या आधी एका संध्याकाळी, दुकान रिकामं असताना, वर्षालीनं तिला आकडीबद्दल सांगितलं. "कधी मी इथं पडले तर घाबरू नका. मला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही घालू नका. थोड्या वेळानं मी आपोआप शुद्धीवर येते. लांबलं तरच अँब्युलन्स बोलवा."

रोझमेरीनं पुन्हा एकदा सगळं समजून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या नवऱ्याची साखर उतरायची. दोनदा या रस्त्यावर पडला होता. न्हाव्यानं उचलला, पोस्टमननं उचलला. मी त्या दोघांना तुझ्याबद्दल सांगू का?"

वर्षालीच्या ओठांवर 'नको' आलं होतं. तिनं ते गिळलं आणि मान डोलावली.

आकडी आली ती फेब्रुवारीत. औषधाच्या दुकानापुढं, भर सकाळी. तिला आठवतं ते इतकंच की ती सिग्नलची वाट पाहत होती. डोळे उघडले तेव्हा ती कुशीवर होती, गालाखाली कुणाचे तरी लोकरी हातमोजे होते आणि अंगावर जाड कोट. रोझमेरी एप्रनवरच धावत आली होती आणि बर्फात गुडघे टेकून बसली होती. "तू ब्रेडी स्ट्रीटवर आहेस," ती सावकाश सांगत होती. "आज मंगळवार आहे. सगळं ठीक आहे." पलीकडे लिऑन नावाचा पोस्टमन उभा होता. कोट आणि हातमोजे त्याचेच.

पहिली भावना लाजेची होती. वर्षालीनं अर्धवट शुद्धीत आजूबाजूला दार शोधलं, खिडकी लावली की नाही ते पाहिलं. वर मोकळं आभाळ होतं. लोक जात-येत होते. एका बाईनं रोझमेरीला "मदत हवी का?" असं विचारलं आणि नको म्हटल्यावर ती पुढं गेली. लिऑननं तिला हात देऊन जिन्यापर्यंत सोडलं आणि आपली टपालाची पिशवी उचलून तो पुढच्या घराकडे वळला. दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं काचेतून हात केला. औषधाच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, "आज बरं वाटतंय ना?" सर्दी-पडशाची चौकशी करावी, तसं. वर्षाली घरी आली आणि पांघरुणात शिरून खूप रडली. मन हलकं झालं होतं. घरी फोनवर मात्र तिनं यातलं काहीच सांगितलं नाही.

उन्हाळ्यात यशवंतराव एकटेच आले. सुभद्राबाईंचे गुडघे धरले होते. पहिले दोन दिवस आबांचे हाल झाले. "गाडी कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लेकीबरोबर चालताना ते दर बाकावर बसायचे. पण बसल्या बसल्या पाहत होते. लेक पुढं चालली की रस्त्यातली माणसं तिला नावानं हाक मारतात. न्हावी, टपालवाला, कुत्रं फिरवणारी म्हातारी. पिंपळे गुरवात असं फक्त यशवंतरावांच्या बाबतीत व्हायचं.

तिसऱ्या दिवशी ती त्यांना बेकरीत घेऊन गेली. रोझमेरीनं आबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि भरभरून बोलायला लागली. वडिलांना सगळं माहीत आहे, असंच तिला वाटत होतं. आबांना भाषा कळेना, तेव्हा तिनं हातवारे सुरू केले. फूटपाथकडे बोट दाखवलं, वर्षालीकडे दाखवलं, मान एका बाजूला टाकली, हात थरथरवले, मग गालाखाली तळवा ठेवला आणि हसून "ओके, ओके" म्हणाली. वर्षालीला तिला थांबवता आलं नाही.

आबा बाहेर आले. तळ्याकाठच्या बाकापर्यंत वाटेत कुठंही न बसता चालत गेले.

"कवा?"

"फेब्रुवारीत."

"आन तू आमाला फोनवर सांगत हुतीस, समदं ब्येस हाय."

"बेस होतंच आबा. तेच तर सांगायचं होतं, पण तुम्हाला पटलं नसतं. तिथं मला आकडी आली की घर घाबरतं. मला शुद्ध येते तेव्हा आईचं तोंड बघून वाटतं, माझ्या हातून काहीतरी पाप झालंय. इथं मी उघड्यावर पडले. ज्यांना माहीत होतं त्यांनी मला वळवलं, बसवलं आणि आपापल्या कामाला गेले."

यशवंतराव पाण्याकडे बघत राहिले. मोठा बाप्या माणूस, गावच्या भांडणांत मध्यस्थी करणारा, त्यांनी टोपी काढून मांडीवर धरली. मग ते म्हणाले, "खिडक्या मीच लावायला सांगितल्या हुत्या. तुझ्या आयनं न्हाई."

वर्षालीनं त्यांचा हात धरला.

दुसऱ्या सकाळी ती उठली तेव्हा आबा खोलीत नव्हते. ती घाबरून जिना उतरली. पाहते तर आबा टोपी घालून बेकरीत रांगेत उभे. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी रोझमेरीला हात जोडले. नीट, वाकून. रोझमेरीला काय करावं सुचेना, तिनंही पीठ लागलेले हात जोडले आणि त्यांना कॉफी आणून दिली. मुक्काम संपेपर्यंत आबा रोज एकटे तिथं चालत जायचे. भाषेतला एकही शब्द समान नसताना दोघं काचेपाशी बसायचे. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "अगं, हितं समद्यांना ठावं हाय. आन कुनी तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघत न्हाई." पलीकडून मग सुभद्राबाईंनी विचारलं, "त्या बाईचं नाव काय म्हनालात?"

दोन वर्षांची मुदत वर्षालीनं वाढवून घेतली. गेल्या वर्षी ती परत आली, चाकणला वरच्या जागेवर. कुणी तिला परत बोलावलं नव्हतं. जयदीपला मुलगी झाली होती आणि वर्षालीलाच इथली ओढ लागली होती. पण घरी राहायला तिनं नकार दिला. तिनं संत तुकाराम नगरात फ्लॅट घेतला. मेट्रो चालत जाण्याजोगी, कंपनीची बस कोपऱ्यावर, मंडई जवळ. मिलवॉकीसारखा सलग फूटपाथ इथं नाही. मधेच विजेच्या डीपीचं खोकं येतं, मधेच कुणाची गाडी, मधेच पाणीपुरीची हातगाडी. ती वळसा घालते आणि चालते. राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं मेडिकलवाल्याला, वॉचमनला आणि फळं विकणाऱ्या भिमाबाईला सांगून ठेवलं, पडले तर काय करायचं. सुभद्राबाईंना धक्का बसला. "लग्नाची मानसं चौकशीला आली तर?" वर्षाली म्हणाली, "मग माझ्याऐवजी भिमाबाई सांगतील. बरंच झालं."

भिमाबाईंनी सांगितलंच, पण ते भलत्याच कुणाला. एका रविवारी विजयश्री नावाची शेजारच्या सोसायटीतली बाई मुलीला घेऊन वर्षालीच्या दारात आली. मुलगी मिनल, नुकतीच कॉलेजला लागलेली, मान खाली घालून उभी. "भिमाबाई म्हणाल्या, तुम्हालापण हिच्यासारखंच आहे. मी रोज हिला रिक्षानं सोडते, आणते. नोकरी सोडावी लागेल असं वाटतंय. तुम्ही कसं करता?"

वर्षालीनं चहा ठेवला. मिनलला विचारलं, "कॉलेज किती लांब आहे?"

"चालत जाता येईल एवढंच," मुलगी पुटपुटली. "पण आई पाठवत नाही."

"उद्या मी अर्धा दिवस सुट्टी घेते. तिघी मिळून चालत जाऊ."

सोमवारी सकाळी त्या निघाल्या. विजयश्री मुलीचा दंड घट्ट धरून चालत होती. झेरॉक्सच्या दुकानात वर्षालीनं मिनलबद्दल सांगितलं. दुकानदार काका म्हणाले, "माझ्या भाचीला होतं, मला माहितीय." चहाच्या गाड्यावर विजयश्रीनंच सांगायला तोंड उघडलं, पण तिला हुंदका आला. तेव्हा मिनलनं आईचा हात दंडावरून अलगद सोडवला आणि चहावाल्याला म्हणाली, "दादा, मी रोज इथून जाणारे. मला आकडी येते. काय करायचं ते सांगू का?"

चहावाल्यानं गॅस बारीक केला आणि म्हणाला, "सांगा ताई."